नेमणुका, भ्रष्टाचार आणि वादग्रस्त विधेयके: सभागृहात नेमके काय होते? कोल्हापुरातून वारंवार येणारे प्रश्न

अधिवेशन जवळ आले की कोल्हापूर शहर, इचलकरंजी, गडहिंग्लज, शिरोळ अशा सगळ्या भागांतून साधारण त्याच धाटणीचे प्रश्न येतात. ते इथे एकत्र केले आहेत, सोपे आधी आणि किचकट नंतर. सभागृहातला गोंधळ टीव्हीवर दिसतो, पुढे कामाला मात्र कागद येतो: लेखी उत्तर, असहमतीची टिपणी, मतविभागणीची (कुणी कुठल्या बाजूने मत दिले त्याची) यादी. म्हणून बहुतेक उत्तरांत हा कागद कुठे तयार होतो आणि कुठे निसटतो यावर भर आहे.

१. भरतीत घोळ झालाय. आमदारांकडे जायचं की खासदारांकडे?

पगार कोण देतो ते आधी बघा. जिल्हा परिषद, महापालिका, पोलीस, तलाठी, एमपीएससी हे राज्याचे विषय, म्हणजे आमदारांचे. रेल्वे, टपाल, विमानतळ, राष्ट्रीयीकृत बँका आणि स्टाफ सिलेक्शन कमिशन केंद्राकडे, म्हणजे खासदारांचे. शिवाजी विद्यापीठाच्या कुलगुरूंची नेमणूक राज्यपाल कुलपती या नात्याने करतात, पण ती होते राज्याच्या २०१६ च्या विद्यापीठ कायद्याखाली. त्यामुळे तो विषयही विधिमंडळाचा.

जिल्ह्यात विधानसभेचे १० मतदारसंघ आहेत. लोकसभेचे दोन: कोल्हापूर आणि हातकणंगले. हातकणंगल्यात सांगली जिल्ह्यातले इस्लामपूर आणि शिराळाही येतात. विधान परिषदेत पुणे विभागाचे पदवीधर आणि शिक्षक आमदार तुमचेही असतात. त्यांच्याकडे लोक सहसा जात नाहीत, म्हणून तिथे तुमच्या अर्जाला वेळ मिळण्याची शक्यता जास्त.

गल्लत होते ती जोडविषयांत. शक्तिपीठ महामार्ग राज्याचा, कोल्हापूर–वैभववाडी रेल्वेमार्ग केंद्राचा. सहकारी संस्था राज्याच्या, पण मल्टिस्टेट, म्हणजे एकाहून अधिक राज्यांत काम करणारी, झाली की केंद्राच्या सहकार मंत्रालयाखाली गेली. गोकुळ दूध संघाच्या मल्टिस्टेटवरून इथे जो वाद पेटला त्याच्या मुळाशी हाच मुद्दा होता. खासदार शून्य प्रहरात राज्याच्या विषयावर बोलतात आणि व्हिडिओही फिरतो, पण उत्तर द्यायला बांधील असलेला मंत्री त्या सभागृहात नसतो.

२. तारांकित आणि अतारांकित प्रश्नात फरक काय? तारांकितच चांगला ना?

तारांकित प्रश्नाचे उत्तर मंत्री उभे राहून देतात आणि त्यावर उपप्रश्न विचारता येतात. अतारांकितचे उत्तर लेखी, उपप्रश्न नाहीत. लोकसभेत एका दिवसाच्या यादीत २० तारांकित आणि २३० अतारांकित प्रश्न असतात, राज्यसभेत १५ आणि १६०. सूचना किमान १५ पूर्ण दिवस आधी द्यावी लागते. तारांकितचा क्रम सोडतीने लागतो आणि तासाभरात यादीतल्या थोड्याच प्रश्नांपर्यंत कामकाज पोहोचते. उरलेल्यांची उत्तरे लेखी स्वरूपात पटलावर ठेवली जातात.

आकडेवारी हवी असेल तर अतारांकितच मागा. पदनिहाय, वर्षनिहाय तक्ता लेखी उत्तरात मिळतो, तोंडी उत्तरात मिळत नाही. मंत्र्यांना पेचात पकडायचे असेल तेव्हाच तारांकित.

३. प्रश्नाचा मसुदा आम्हीच करून दिला तर चालतो का?

चालतो, आणि आमदारांच्या कार्यालयाला तो हवाच असतो. महाराष्ट्राच्या विधिमंडळात प्रश्नाचा ठरलेला साचा आहे: (१) अमुक ठिकाणी अमुक घडले, हे खरे आहे काय, (२) असल्यास, चौकशी केली आहे काय, त्यात काय आढळून आले, (३) त्यानुसार कोणती कारवाई केली वा करण्यात येत आहे, (४) नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत?

सगळी मेख पहिल्या भागात आहे. 'अमुक विभागाच्या भरतीत मोठा भ्रष्टाचार झाला, हे खरे आहे काय' असे लिहिले की उत्तर येते 'हे खरे नाही', आणि पुढच्या सगळ्या भागांना 'प्रश्न उद्भवत नाही'. तेच 'अमुक तारखेच्या जाहिरातीतील पदांपैकी काही पदांवर प्रतीक्षा यादी डावलून नेमणुका झाल्याची तक्रार अमुक तारखेला प्राप्त झाली, हे खरे आहे काय' असे लिहा. तक्रारीची पोच तुमच्या हातात असेल तर 'खरे नाही' म्हणता येत नाही. 'हे अंशतः खरे आहे' असे उत्तर आले तर ते जपून ठेवा. पुढची लढाई त्या 'अंशतः'वरच चालते.

लोकसभेत प्रश्न १५० शब्दांच्या आत हवा. त्यात मत मागायचे नाही, बदनामीकारक मजकूर नको, न्यायप्रविष्ट बाब नको. मसुद्यासोबत जाहिरात, शुद्धिपत्रक, निवड यादी आणि तक्रारीची पोच जोडा. वर्तमानपत्राचे कात्रण एकटे पुरत नाही. आणि अधिवेशन सुरू झाल्यावर धावत जाऊ नका: याद्या काही आठवडे आधीच तयार होतात.

४. मंत्री म्हणाले 'चौकशी करू'. मग पुढे काहीच नाही. आता?

'चौकशी करू', 'माहिती गोळा केली जात आहे', 'तपासून कारवाई करू' ही सभागृहातली वाक्ये आश्वासन म्हणून नोंदवली जातात. संसदेच्या दोन्ही सभागृहांत आणि विधिमंडळातही आश्वासन समिती आहे. केंद्रात आश्वासन साधारण ३ महिन्यांत पूर्ण करणे अपेक्षित असते. नाही जमले तर मंत्रालयाला समितीकडे मुदतवाढ मागावी लागते. कामकाजातला नेमका उतारा, तारीख आणि प्रश्न क्रमांक घेऊन आमदार-खासदारांमार्फत समितीला लिहा. पत्रकार परिषदेत दिलेला शब्द यात मोडत नाही.

५. लक्षवेधी, स्थगन, २९३, १९३… यातलं कुठलं आयुध कशासाठी?

ताजी, एकाच घटनेपुरती गोष्ट असेल तर लक्षवेधी सूचना. मंत्र्यांना निवेदन करावे लागते. सगळे काम बाजूला ठेवून चर्चा हवी असेल तर स्थगन प्रस्ताव. त्यात सरकारवर ठपका अभिप्रेत असतो, म्हणून संसदेत तो फक्त लोकसभेत येतो. राज्यसभेत विरोधक नियम २६७ खाली कामकाज बाजूला ठेवण्याची मागणी करतात, आणि ती बहुतेक वेळा नाकारली जाते. व्यापक विषयावर मतदानाविना चर्चा लोकसभेत नियम १९३ खाली, राज्यसभेत १७६ खाली. मतदानासह हवी असेल तर अनुक्रमे १८४ आणि १६७. अनेक दिवस सभागृह बंद पडते ते पुष्कळदा 'चर्चा १९३ की १८४' याच भांडणावरून, कारण एकीत सरकारला मतांना सामोरे जावे लागत नाही. आपल्या विधानसभेत नियम २९३ ची चर्चा आणि विरोधकांचा अंतिम आठवडा प्रस्ताव, परिषदेत नियम २६०.

६. मोठ्या पदावरची नेमणूक संसद नाकारू शकते का?

नाही. उमेदवाराला सभागृहासमोर बसवून प्रश्न विचारण्याची आणि मग मंजुरी देण्याची पद्धत आपल्याकडे नाही. संसद निवड समितीची रचना कायद्याने ठरवते. नेमणूक करते सरकार, राष्ट्रपतींच्या नावाने. म्हणून खरी चर्चा विधेयकाच्या वेळीच करावी लागते: समितीत कोण बसणार?

सीबीआय संचालकासाठी पंतप्रधान, लोकसभेतील विरोधी पक्षनेते आणि सरन्यायाधीश किंवा त्यांनी नेमलेले न्यायाधीश. केंद्रीय दक्षता आयुक्तासाठी पंतप्रधान, गृहमंत्री, विरोधी पक्षनेते. केंद्रीय माहिती आयुक्तासाठी पंतप्रधान, विरोधी पक्षनेते, एक केंद्रीय मंत्री. राज्य माहिती आयुक्तासाठी मुख्यमंत्री, विधानसभेतील विरोधी पक्षनेते, एक मंत्री. कॅगसाठी, म्हणजे सरकारी हिशेब तपासणाऱ्या महालेखापरीक्षकांसाठी, अशी समितीच नाही.

निवडणूक आयुक्तांचा वाद याच मुद्द्यावर झाला. सर्वोच्च न्यायालयाने २ मार्च २०२३ रोजी सांगितले की कायदा होईपर्यंत समितीत पंतप्रधान, विरोधी पक्षनेते आणि सरन्यायाधीश असावेत. डिसेंबर २०२३ मध्ये संसदेने कायदा केला आणि सरन्यायाधीशांच्या जागी पंतप्रधानांनी नेमलेला केंद्रीय मंत्री आला. तिघांपैकी दोघे सरकारचे झाले, की विरोधी पक्षनेत्याच्या हाती असहमती नोंदवणे एवढेच उरते. त्याचे मोल किती, ते पुढच्या उत्तरात.

७. दोन विरुद्ध एक असेल तर त्या असहमतीला अर्थ काय?

लेखी असेल आणि कारणासह असेल तर अर्थ आहे. २०१० मध्ये पी. जे. थॉमस यांना केंद्रीय दक्षता आयुक्त नेमताना विरोधी पक्षनेत्या सुषमा स्वराज यांनी असहमती नोंदवली. थॉमस यांच्यावर केरळमधल्या पामोलीन आयात प्रकरणात आरोपपत्र होते. ३ मार्च २०११ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ती नेमणूक रद्द केली: समितीसमोर महत्त्वाची माहिती ठेवलीच गेली नव्हती. निर्णय एकमतानेच व्हावा असे न्यायालयाने म्हटले नाही. पण असहमती असेल तर तिची कारणे हवीत आणि बहुमतानेही ती का डावलली ते नोंदवायला हवे, असे सांगितले. नुसता 'विरोध' लिहून बाहेर पडणाऱ्या सदस्याने न्यायालयासाठी मागे काहीच ठेवलेले नसते.

८. विरोधी पक्षनेताच नसेल तर समिती बसते कशी?

हा प्रश्न महाराष्ट्रातून फार येतो. २०२४ च्या विधानसभा निवडणुकीत विरोधातल्या एकाही पक्षाला २८८ च्या दहा टक्के, म्हणजे २९ जागा मिळाल्या नाहीत. लोकसभेत २०१४ ते २०२४ हीच स्थिती होती. विरोधी पक्षनेतेपदासाठी दहा टक्के जागांचा आग्रह प्रथेतून आलेला आहे, तो अध्यक्षांच्या मान्यतेवर चालतो.

माहिती अधिकार कायद्याने यावर आधीच तोड काढली आहे: मान्यताप्राप्त विरोधी पक्षनेता नसेल तर सर्वांत मोठ्या विरोधी गटाचा नेता समितीत बसतो. त्यामुळे 'नेता नाही म्हणून आयुक्त नेमता येत नाहीत' हे कारण टिकत नाही. सीबीआयच्या कायद्यात तशी तरतूद २०१४ मध्ये केली. लोकपाल कायद्यात ती नव्हती, आणि हेच कारण पुढे करत २०१३ च्या कायद्याखालचा पहिला लोकपाल यायला मार्च २०१९ उजाडला. सर्वोच्च न्यायालयाने तर २०१७ मध्येच सांगितले होते की कायदा आहे तसा राबवता येतो.

९. लॅटरल एंट्रीची जाहिरात मागे घेतली, ती संसदेमुळे का?

नाही. यूपीएससीने ऑगस्ट २०२४ मध्ये लॅटरल एंट्रीच्या, म्हणजे बाहेरच्या तज्ज्ञांना थेट वरिष्ठ पदांवर घेण्याच्या, ४५ पदांची जाहिरात दिली तेव्हा अधिवेशन संपलेले होते. आरक्षण नसल्याची टीका विरोधकांबरोबर सत्तेतल्या मित्रपक्षांकडूनही झाली आणि काही दिवसांतच ती रद्द करायला सांगण्यात आले. असे निर्णय प्रशासकीय आदेशाने होतात. विधेयक लागत नाही, म्हणून मतदानही होत नाही. कोल्हापुराला हे नवे नाही: शाहू महाराजांचा २६ जुलै १९०२ चा निम्म्या रिक्त जागा मागासांसाठी राखणारा निर्णयही हुकूमच होता. प्रशासकीय आदेशावर बोट ठेवायचे असेल तर प्रश्न (उत्तर २ आणि ३) हेच उपयोगी आयुध.

१०. खासदारांनी सभागृहात त्या अधिकाऱ्याचं नाव घेऊन आरोप करावा. त्यांना तर संरक्षण असतं ना?

संरक्षण आहे. सभागृहातल्या भाषणाबद्दल संसद सदस्यावर अनुच्छेद १०५ नुसार आणि आमदारावर १९४ नुसार खटला चालत नाही. पण सभागृहाचे स्वतःचे नियम आहेत. लोकसभेच्या नियम ३५३ प्रमाणे कुणावर बदनामीकारक आरोप करायचा तर अध्यक्षांना आणि संबंधित मंत्र्यांना आधी पुरेशी सूचना द्यावी लागते. ती नसेल तर आरोप कामकाजातून वगळला जाण्याची शक्यता मोठी, आणि वगळला की नोंदीपुरता तो झालाच नाही. न्यायाधीशांच्या वर्तनावर तर बोलताच येत नाही; अपवाद फक्त त्यांना पदावरून दूर करण्याच्या प्रस्तावाचा.

म्हणून नावाऐवजी पदनाम, कार्यालय, आदेश क्रमांक आणि रक्कम द्या. आरोप नोंदीत राहतो, आणि अधिकारी कोण हे फायलीतून निघतेच.

११. वगळलेल्या भाषणाचा व्हिडिओ ग्रुपवर टाकला तर?

टाकू नका. सभागृहाच्या कामकाजाचा खरा आणि द्वेषाने न केलेला वृत्तान्त छापायला अनुच्छेद ३६१अ चे संरक्षण आहे. वगळलेला भाग त्या संरक्षणात धरता येत नाही. तो प्रसिद्ध केल्याने हक्कभंग होऊ शकतो, हे १९५९ च्या सर्चलाइट प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने मान्य केले आहे. शिवाय मूळ मजकूर बदनामीकारक असेल तर सदस्याचे संरक्षण तुम्हाला लागू होत नाही.

१२. प्रश्न विचारायला किंवा मत द्यायला पैसे घेतले, तरी संरक्षण?

आता नाही. १९९८ च्या नरसिंह राव निकालाने लाच घेऊन ठरल्याप्रमाणे मत देणाऱ्याला संरक्षण मिळाले होते. ४ मार्च २०२४ रोजी सीता सोरेन प्रकरणात सात न्यायाधीशांच्या पीठाने तो निकाल उलटवला. लाच स्वीकारली तिथेच गुन्हा पूर्ण होतो. मत दिले की नाही, हे बघायची गरज नाही.

सभागृहाची शिक्षा वेगळी. डिसेंबर २००५ मध्ये प्रश्नांसाठी पैसे घेतल्यावरून ११ खासदार बडतर्फ झाले, १० लोकसभेचे आणि एक राज्यसभेचा. तुम्ही मसुदा देणे (उत्तर ३) यात अर्थातच बसत नाही, पण 'प्रश्न लावून देतो, खर्च येईल' असे कुणी मध्यस्थ म्हणाला तर तिथूनच उठा.

१३. सभागृहात भ्रष्टाचाराचा आरोप झाला म्हणजे चौकशी सुरू झाली, असं समजायचं का?

नाही. आरोपाने दबाव येतो, तपास आपोआप सुरू होत नाही. दबावाचे जुने उदाहरण मुंदडा प्रकरण: एलआयसीने हरिदास मुंदडांच्या कंपन्यांत सुमारे सव्वा कोटी रुपये गुंतवल्याचे फिरोज गांधींनी १९५७ मध्ये लोकसभेत लावून धरले. न्या. छागला यांची एकसदस्यीय चौकशी बसली आणि फेब्रुवारी १९५८ मध्ये अर्थमंत्री टी. टी. कृष्णम्माचारी यांनी राजीनामा दिला.

आज तपासाची वाट वेगळी आहे. लाच मागितली असेल तर ती देण्यापूर्वी लाचलुचपत प्रतिबंधक विभागाकडे जा, हेल्पलाइन १०६४. भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्यातल्या २०१८ च्या दुरुस्तीनंतर लाच देणाराही गुन्हेगार ठरतो. जबरदस्तीने द्यावी लागली असेल तर ७ दिवसांत कळवावे लागते. सापळ्यात जागीच पकडले तर पूर्वपरवानगी लागत नाही. पण अधिकाऱ्याच्या निर्णयाविषयी किंवा शिफारशीविषयी तपास करायचा असेल तर याच कायद्याच्या कलम १७अ नुसार सरकारची मान्यता आधी लागते, आणि पुढे खटल्यासाठी कलम १९ ची मंजुरी वेगळी. बरीचशी प्रकरणे या दोन दारांतच थांबतात. म्हणून विधानसभेत विचारण्याजोगा प्रश्न हा: अमुक प्रकरणी मान्यतेचा प्रस्ताव कोणत्या तारखेला आला आणि तो किती दिवस प्रलंबित आहे?

केंद्राचे अधिकारी, मंत्री आणि खासदारांविरुद्ध लोकपालाकडे तक्रार करता येते: ठरलेला नमुना, सोबत प्रतिज्ञापत्र, गुन्ह्यापासून ७ वर्षांच्या आत. तक्रार जाणूनबुजून खोटी असेल तर एक वर्षापर्यंत कैद आणि एक लाखापर्यंत दंड आहे.

१४. आमदाराला नाकारता येत नाही ती माहिती आम्हालाही नाकारता येत नाही, असं माहिती अधिकाराच्या अर्जात लिहितो. बरोबर ना?

तो जुना नमुना आता बदला. हे वाक्य परंतुक म्हणून माहिती अधिकार कायद्याच्या कलम ८(१)(ञ) ला, म्हणजे वैयक्तिक माहितीच्या अपवादाला, जोडून होते. ऑगस्ट २०२३ मध्ये दोन्ही सभागृहांत आवाजी मतदानाने मंजूर झालेल्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याने ते कलमच बदलले, आणि तो बदल नोव्हेंबर २०२५ मध्ये लागू झाला. आता अर्जात कलम ८(२), म्हणजे व्यापक जनहित, मांडा. जनहित कोणते ते दोन ओळींत लिहा, नुसता कलमाचा आकडा टाकून भागत नाही. आमदारांमार्फत प्रश्न लावण्याचा मार्ग तर खुला आहेच.

१५. वादग्रस्त विधेयकावर आम्हाला सूचना पाठवता येतात का? कुणी वाचतं का?

विधेयक समितीकडे गेले तर. समिती जाहिरात देऊन निवेदने मागवते, मुदत थोडी असते. महाराष्ट्र विशेष जनसुरक्षा विधेयक डिसेंबर २०२४ मध्ये संयुक्त समितीकडे गेले आणि त्यावर बारा हजारांहून अधिक सूचना आल्या. नंतर मसुद्यात संघटनांविषयीची शब्दरचना, सल्लागार मंडळाची रचना आणि तपास अधिकाऱ्याची पातळी बदलली. विरोधकांना हे बदल पुरेसे वाटले नाहीत, पण बदल झाले.

छापील एकसारखी पत्रे संख्येत धरली जातात, मजकुरात नाही. कलम क्रमांक लिहा, आहे तो शब्द लिहा, हवा तो शब्द लिहा, कारण तीन ओळींत. संसदीय समितीला दिलेले निवेदन तिच्या नोंदीचा भाग होते आणि गोपनीय मानले जाते. पाठवल्यावर ते फेसबुकवर टाकू नका. केंद्राच्या २०१४ च्या धोरणानुसार मसुदा ३० दिवस लोकांसमोर ठेवणे अपेक्षित आहे, पण ते धोरण आहे, कायदा नाही. ते पाळले नाही म्हणून विधेयक अडत नाही.

१६. आमच्या आमदाराने जनसुरक्षा विधेयकावर काय मत दिलं, कुठे बघायचं?

नावनिशी बघता येणार नाही. विधानसभेत ते १० जुलै २०२५ रोजी आवाजी मतदानाने मंजूर झाले. 'होय'चा आवाज मोठा, असे पीठासीन अधिकाऱ्यांनी जाहीर केले की कुणाचे काय मत होते याची यादी तयार होत नाही. यादी हवी तर सदस्याने तिथल्या तिथे पोल, म्हणजे मतविभागणी, मागावी लागते, आणि ती आपल्या जागेवरून. सप्टेंबर २०२० मध्ये कृषी विधेयकांवेळी राज्यसभेत मतविभागणीची मागणी मान्य झाली नाही. सदस्य जागेवर नव्हते की होते, यावरच मग सगळा वाद रंगला.

उलट वक्फ दुरुस्ती विधेयकावर एप्रिल २०२५ मध्ये मतविभागणी झाली: लोकसभेत २८८ विरुद्ध २३२, राज्यसभेत १२८ विरुद्ध ९५. तिथे यादी मिळते. म्हणून विधेयक येण्याआधी प्रतिनिधीला 'विरोध करा' इतकेच सांगू नका, 'पोल मागा' असेही सांगा. सभात्याग केला तर मतही नाही आणि पोलही नाही.

१७. पक्षाच्या व्हिपविरुद्ध मत देता येतं का?

देता येते, पण व्हिप म्हणजे मतदानाबाबतचा पक्षादेश, आणि तो मोडला तर पक्षांतरबंदीच्या दहाव्या अनुसूचीप्रमाणे सदस्यत्व जाऊ शकते. पक्षाने १५ दिवसांत माफ केले तर वाचते. व्हिप मतदानाला बांधतो, भाषणाला नाही: दुरुस्ती सुचवणे, समितीत भिन्नमत टिपणी जोडणे, प्रश्न विचारणे मोकळे असते. सत्ताधारी पक्षातल्या प्रतिनिधीकडे मागायचे ते हेच.

१८. गोंधळात, चर्चेविना मंजूर झालेला कायदा कोल्हापूरच्या सर्किट बेंचमध्ये रद्द होईल का?

चर्चा झाली नाही एवढ्यावरून नाही. कामकाजातल्या अनियमिततेची चौकशी न्यायालयाने करायची नाही, असे अनुच्छेद १२२ आणि २१२ सांगतात. कायद्याचा आशय घटनेविरुद्ध असेल तर मात्र दार उघडे आहे. मराठा आरक्षणाचा २०१८ चा कायदा सर्वोच्च न्यायालयाने ५ मे २०२१ रोजी रद्द केला तो आशयावर, त्यामागे सभागृहाचा किती पाठिंबा होता हे बघून नाही.

मुंबई उच्च न्यायालयाचे हे सर्किट बेंच १८ ऑगस्ट २०२५ पासून सुरू आहे. कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग हे सहा जिल्हे त्याच्याकडे येतात, त्यामुळे अनुच्छेद २२६ खालच्या रिट याचिकेसाठी मुंबई गाठायची गरज उरलेली नाही. जाताना कायद्याची राजपत्रातली प्रत, समितीचा अहवाल, त्यातली भिन्नमत टिपणी आणि सभागृहातले मंत्र्यांचे उत्तर सोबत न्या. विधेयकाचा हेतू काय होता हे दाखवायला वकील पहिल्यांदा तेच मागतात. एक सावधगिरी मात्र ठेवा: याचिका दाखल झाली की विषय न्यायप्रविष्ट म्हणून प्रश्न नाकारला जाऊ शकतो. लेखी उत्तर हवे असेल तर ते आधी मिळवा, याचिका नंतर दाखल करा.